न दिसणाऱ्याचे उत्तरदायित्व

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही खेळाडूंना सारा पट दिसत असतो. प्रतिपक्षाच्या मनातील बेत तेवढा अज्ञात. त्याची मोहरी मात्र उघड्यावर उभी असतात. आखाड्यातही दोन मल्ल एकमेकांच्या डोळ्याला डोळा भिडवूनच सलामी देतात. खेळातील न्यायाची जी कल्पना माणसाच्या मनात परंपरेने रुजली आहे, तिच्या मुळाशी हे परस्परदर्शन आहे. ज्याच्यावर चाल करावयाची, त्याला चाल करणारा दिसला पाहिजे. संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या पाणबुडीच्या खेळांनी हा नियम नेमका उलटा केला. येथे एकाने सर्व काही पाहावयाचे आणि दुसऱ्याला काहीही दिसू द्यावयाचे नाही, यातच खेळाचे सर्वस्व आहे. जो दिसला तो हरला.

या खेळांची परंपरा आता चार दशकांची झाली आहे. १९८५ मध्ये 'सायलेंट सर्व्हिस' आला. त्यात पॅसिफिक महासागरातील अमेरिकन पाणबुड्या होत्या. १९९४ च्या 'एसेस ऑफ द डीप'ने खेळाडूला अटलांटिक महासागरातील जर्मन पाणबुडीत बसविले. १९९६ मध्ये 'सायलेंट हंटर' ही मालिका सुरू झाली आणि २००५ मधील तिच्या तिसऱ्या खेळात दुसऱ्या महायुद्धातील अटलांटिकची मोहीम इतक्या तपशिलाने उभी केली गेली, की पुढे कित्येक वर्षे जगभरचे खेळाडू त्या एकाच खेळात रमून राहिले. मालिकेच्या नावातच 'मूक शिकारी' हा अर्थ आहे. या लेखाचा प्रश्न त्या दोन शब्दांच्या मध्ये कोठेतरी दडलेला आहे.

प्रथम या खेळातील विद्येचा विचार केला पाहिजे, कारण ती खरोखरीच विद्या आहे. पडद्यावर अफाट, रिकामा समुद्र पसरलेला असतो. बिनतारी यंत्रावर एक त्रोटक वार्ता येते: अमुक ठिकाणी व्यापारी जहाजांचा ताफा, दिशा ईशान्य, गती मंद. खेळाडू नकाशावर एक रेषा ओढतो. ताफा ताशी सात सागरी मैल चालतो असे धरले, तर सहा तासांनी तो कोठे असेल? पाणबुडी पृष्ठभागावर ताशी सुमारे सतरा मैल धावू शकते, पाण्याखाली जेमतेम सात, आणि तीही विजेऱ्या टिकतील तेवढाच वेळ. म्हणजे गाठावयाचे ते पृष्ठभागावरून आणि मारावयाचे ते दडून. अपेक्षित जागी पोहोचल्यावर इंजिने थांबवून बुडी घ्यावयाची आणि हायड्रोफोनला कान लावावयाचा. दूरवर कोठेतरी पंख्यांची धडधड ऐकू येते. तिची दिशा नकाशावर मांडावयाची; अर्ध्या तासाने पुन्हा मांडावयाची. दिशारेषांच्या त्या पंख्यातून हळूहळू ताफ्याचा मार्ग उमटू लागतो.

यानंतरही घाई करावयाची नसते. क्षितिजावर केवळ धूर आणि डोलकाठ्यांची टोके दिसतील एवढे अंतर राखून ताफ्याच्या कडेकडेने चालावयाचे, मोठा वळसा घालून त्याच्या पुढे जावयाचे आणि काळोख पडण्याची वाट पाहावयाची. मग पेरिस्कोप काही क्षणांपुरताच वर काढून डोलकाठीची उंची मोजावयाची, ओळखपुस्तिकेतून जहाजाचा प्रकार निश्चित करावयाचा, त्याची नाळ दृष्टिरेषेशी किती अंशांचा कोन करते ते ठरवावयाचे. अंतर, कोन आणि वेग ही तीन उत्तरे बरोबर आली, तर टॉर्पेडो आणि जहाज हे दोन्ही समुद्राच्या एका बिंदूवर एकाच क्षणी येऊन मिळतात. ही निव्वळ भूमिती आहे आणि तिचा आनंद भूमितीचाच असतो. सिद्धता पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्याला जे समाधान लाभते, तेच येथे खेळाडूला एका दूरस्थ स्फोटाच्या आवाजात लाभते.

त्या आवाजानंतर मात्र खेळाची दुसरी बाजू सुरू होते. संरक्षक जहाजे वळतात. त्यांच्या तळाशी असलेले यंत्र पाण्यात ध्वनी सोडते आणि पोलादी कवचावर आपटून परतणारा प्रतिध्वनी टिपते. पाणबुडीने त्यांच्याकडे आडवे अंग न दाखविता टोक वळवावे, म्हणजे प्रतिध्वनी क्षीण होतो. तो ध्वनिझोत तिरका, पुढच्या दिशेला जाणारा असल्यामुळे जहाज अगदी डोक्यावर आले, की त्याला खालचे काही कळेनासे होते. त्याच क्षणी वळावयाचे. पाण्यात ठराविक खोलीवर फुटणारे बाँब कोसळू लागले, की त्यांच्या गडगडाटात आपल्या पंख्यांचा आवाज लपवून पुढे सरकावयाचे. पुन्हा शांतता झाली, की पुन्हा मूक व्हावयाचे. आतली माणसे कुजबुजत बोलतात, कवच कुरकुरते, हवा आणि वीज उतरत जाते. दाटून आलेल्या या भीतीचे तास जेव्हा संपतात आणि वरच्या जहाजांचा आवाज विरून जातो, तेव्हा खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तळहाताला खरोखरीचा घाम आलेला असतो.

आता येथे एक गोष्ट घडते. ती इतकी सहज घडते, की तिच्याकडे लक्षच जात नाही. हल्ला काही मिनिटांचा असतो. सुटका काही तासांची. खेळाडूच्या स्मरणात जे उरते, ते या दुसऱ्या भागातले. तो खेळातून बाहेर येतो तेव्हा 'आज इतकी माणसे बुडविली' अशी भावना घेऊन येत नाही, तर 'आज थोडक्यात वाचलो' अशी भावना घेऊन येतो. शिकारी म्हणून आत शिरलेला माणूस सावज म्हणून बाहेर पडतो. दोन्ही भूमिका एकाच पाणबुडीत, एकाच रात्री त्याने वठविलेल्या असतात. पण नंतरची भूमिका आधीचीला पुसून टाकते. भीती हे जणू प्रायश्चित्तच ठरते. ज्याने एवढे सोसले, त्याच्याकडे आणखी कशाचा हिशेब मागावयाचा?

हा प्रश्नच हास्यास्पद आहे, असे कोणी म्हणेल. पडद्यावर बुडते ते जहाज प्रकाशबिंदूंचे. त्यात कोणी मरत नाही. बुद्धिबळात प्यादे मारणारा नरहत्या करीत नाही आणि नाटकात दुःशासन वठविणारा नट पापी होत नाही. हे अगदी खरे आहे आणि खेळाडूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे येथे काही कारण नाही. तथापि नटाची उपमा पुरती लागू पडत नाही. दुःशासन रंगमंचावर वस्त्राला हात घालतो, तेव्हा द्रौपदी समोर असते आणि प्रेक्षकांचे डोळे दोघांवरही खिळलेले असतात. कृत्य आणि त्याचे फळ एकाच प्रकाशात दिसते. पाणबुडीच्या खेळात कृत्य करणाऱ्याची बाजू तेवढी उजळलेली असते. म्हणून विचारावयाचा प्रश्न, खेळणारा दोषी आहे काय, हा नाही. तो असा आहे: न दिसता पाहण्याची कला जेव्हा माणूस इतक्या मनोभावे शिकतो, तेव्हा तिच्याबरोबर न पाहण्याची कलाही तो शिकत असतो काय?

दडून मारण्याच्या नीतीचा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. रामायणाच्या किष्किंधाकांडात वाली सुग्रीवाशी झुंजत असताना रामाने त्याला आडून बाण मारला. मरणोन्मुख वालीचा आक्षेप मृत्यूबद्दल नव्हता. तो अदर्शनाबद्दल होता. दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्याला, समोर न येता, तू का मारलेस, असे तो विचारतो. रामाने जी उत्तरे दिली, त्यांतली दोन राजधर्माची आहेत: वालीने भावाच्या पत्नीचा अपहार केला होता आणि अपराध्याला दंड देण्याचा अधिकार राजाला असतो. तिसरे उत्तर मात्र वेगळ्या जातीचे आहे. वाली शाखामृग आहे, आणि मृगया करणारा सावजाला समोरून मारतो तसा आडूनही मारतो, त्यात दोष नाही. या तिसऱ्या उत्तराने शतकानुशतके भाष्यकारांना अस्वस्थ केले आहे, आणि ते स्वाभाविक आहे. दडून केलेल्या वधाचे समर्थन करावयाचे, तर ज्याला मारले त्याला आधी सावज ठरवावे लागते, ही कबुली त्यात आहे. 'शिकारी' हा शब्द उच्चारला, की समोरच्याचे मनुष्यपण अर्धे गळून पडलेले असते.

परंतु त्याच प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. बाण मारल्यानंतर राम निघून गेला नाही. तो आडोशातून बाहेर आला, पडलेल्या वालीजवळ जाऊन उभा राहिला आणि त्याचा प्रश्न त्याने पुरता ऐकून घेतला. उत्तर पटो अथवा न पटो, प्रश्न विचारण्याचा वालीचा अधिकार त्याने मान्य केला. दडलेपण वधापुरते होते. उत्तरदायित्वाच्या वेळी ते संपले.

धर्मशास्त्राने आणि राजनीतीने या प्रश्नाच्या दोन निरनिराळ्या बाजू धरल्या. मनुस्मृतीने रणात गुप्त शस्त्रांचा उपयोग निषिद्ध मानला आणि झोपलेल्याला, निःशस्त्राला, नुसत्या पाहणाऱ्याला मारू नये असे सांगितले. कौटिल्याने मात्र प्रकाशयुद्ध, कूटयुद्ध आणि तूष्णींयुद्ध असे तीन प्रकार शांतपणे नोंदविले. तूष्णीम् म्हणजे मुकाट्याने. मराठी मनाला तर दडून लढण्याची लाज वाटण्याचे कारणच नाही, कारण गनिमी काव्याने बलाढ्य सत्तांना जेरीस आणल्याचा अभिमान या भाषेच्या इतिहासातच आहे. पण गनिमी कावा कोणाविरुद्ध होता? तो सशस्त्र आणि संख्येने मोठ्या सैन्याविरुद्ध होता. रयतेला तोशीस लागू नये याविषयी शिवाजी महाराजांच्या पत्रांत जी काटेकोर दक्षता आढळते, ती या काव्याची दुसरी, तितकीच अविभाज्य बाजू आहे. दडण्यात अधर्म नाही. कोणापासून दडून कोणाला मारले, यात धर्माधर्माचा निवाडा आहे.

अटलांटिकच्या युद्धात हाच निवाडा कठीण झाला. १९३६ च्या लंडन करारानुसार पाणबुडीलाही पृष्ठभागावरील युद्धनौकेचेच नियम लागू होते: व्यापारी जहाज बुडविण्यापूर्वी त्यावरील माणसांना सुरक्षित स्थळी पोहोचविले पाहिजे. नियम उदात्त होता, पण पाणबुडीच्या प्रकृतीशी त्याचा मेळ बसत नव्हता. पाणबुडीचे सारे बळ अदृश्यतेत. ती वर आली, दिसली, थांबली, की तिच्यासारखे दुबळे जहाज नाही. युद्धाच्या पहिल्याच दिवशी, ३ सप्टेंबर १९३९ रोजी, 'अथेनिया' हे प्रवासी जहाज पूर्वसूचनेवाचून बुडविले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. पुढील साडेपाच वर्षांत जर्मन पाणबुड्यांनी सुमारे २,८०० व्यापारी जहाजे बुडविली. त्या पाणबुड्यांतून समुद्रावर गेलेल्या सुमारे ४०,००० जर्मन नाविकांपैकी सुमारे ३०,००० परतले नाहीत. खेळाडूला वाटणारी भीती खोटी नव्हे, हे या दुसऱ्या आकड्यावरून कळते. पण पहिला आकडा त्याने पुसला जात नाही.

सप्टेंबर १९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेलगतच्या समुद्रात या नियमाची अखेरची परीक्षा झाली. वेर्नर हार्टेनस्टाइन याच्या पाणबुडीने 'लकोनिया' हे जहाज बुडविले. पाण्यातून येणाऱ्या हाका इटालियन भाषेतल्या आहेत हे त्याच्या ध्यानात आले. जहाजावर सुमारे १,८०० इटालियन युद्धकैदी होते. तो वर आला, शत्रुमित्र न पाहता माणसे वेचू लागला, उघड्या भाषेत संदेश पाठवून त्याने आपले ठिकाण जाहीर केले, होड्या दोरांनी ओढीत नेल्या आणि रेड क्रॉसचे निशाण पसरले. चौथ्या दिवशी एका अमेरिकन विमानाने त्याच्यावर बाँब टाकले. त्याने दोर तोडले आणि बुडी घेतली. त्यानंतर नौसेनाधिकारी डोनिट्झ याने बुडालेल्यांना वाचविण्याचे सर्व प्रयत्न थांबविण्याची आज्ञा काढली. १९४६ मध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने डोनिट्झला दहा वर्षांची शिक्षा दिली. परंतु पाणबुडीयुद्धाच्या नियमभंगासाठी ती दिलेली नाही असे नमूद केले. अमेरिकन नौसेनापती निमिट्झ यांनी लेखी उत्तरात मान्य केले होते, की पॅसिफिकमध्ये अमेरिकन पाणबुड्यांनीही पहिल्या दिवसापासून तसेच युद्ध केले. न दिसणाऱ्याचा नियम दोन्ही पक्षांनी एकच ठरविला होता.

हा नियम शेवटपर्यंत नेला, तर तो कोठे पोहोचतो, याचे उत्तर 'पेलेयस' या ग्रीक जहाजाच्या प्रकरणात मिळते. १३ मार्च १९४४ च्या रात्री दक्षिण अटलांटिकमध्ये हाइन्झ-विल्हेल्म एक याच्या पाणबुडीने ते जहाज बुडविले. पाण्यावर फळ्या, तराफे आणि त्यांना धरून राहिलेली माणसे उरली. सकाळी टेहळणीच्या विमानाला हे अवशेष दिसतील, म्हणजे येथे पाणबुडी होती हे कळेल, आणि मग शोध सुरू होईल, असा एक याचा तर्क होता. त्याने तराफ्यांवर यांत्रिक बंदुकीने गोळ्या झाडविल्या, हातबाँब टाकविले. हे सुमारे पाच तास चालले. जहाजावरच्या पस्तीसएक माणसांपैकी तिघे महिन्याहून अधिक काळ तराफ्यावर काढून जिवंत राहिले. ऑक्टोबर १९४५ मध्ये हॅम्बर्ग येथील ब्रिटिश लष्करी न्यायालयात एक याने आपण द्वेषाने काही केले नाही, केवळ पाणबुडी वाचविण्यासाठी खुणा पुसल्या, असे सांगितले. ज्याला दिसू नये एवढेच हवे होते, तो त्याच जागी पाच तास का थांबला, हा प्रश्न या बचावाला भेडसावीत राहिला. ३० नोव्हेंबर १९४५ रोजी त्याला आणि त्याच्या दोघा अधिकाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

या प्रकरणातील भयंकर गोष्ट अशी, की एक याच्या तर्कात एकही पायरी अनोळखी नाही. धूर दिसू नये, पेरिस्कोप दिसू नये, तेलाचा तवंग दिसू नये, खुणा दिसू नयेत. याच साखळीचा पुढचा दुवा, साक्षी उरू नयेत. अदृश्यता हे साधन आहे तोवर तिला मर्यादा असते; ती मूल्य झाली, की प्रत्येक पाहणारा डोळा शत्रूचा होतो. त्या डोळ्याचा मालक बुडत असला तरीही. आणि नियतीचा भाग असा, की एवढे करूनही ती पाणबुडी दिसलीच. मे १९४४ मध्ये सोमाली किनाऱ्याजवळ विमानांनी तिला गाठले, ती उथळ पाण्यात रुतली आणि तिच्यातील नोंदवही ब्रिटिशांच्या हाती लागली.

'पेलेयस'चा प्रसंग संगणकावरील खेळात येत नाही. कोणी म्हणेल, हे खेळाचे सौजन्य आहे. वस्तुतः ही त्याची सोय आहे. 'सायलेंट हंटर'च्या तिसऱ्या खेळात वास्तवतेची टक्केवारी ठरविण्याची सोय होती. विजेऱ्या मर्यादित ठेवल्या, प्राणवायू मर्यादित ठेवला, नेम स्वतः मोजून धरावयाचा ठरविला, न फुटणारे टॉर्पेडो स्वीकारले, बाहेरून पाहण्याची मुभा सोडली, म्हणजे ही टक्केवारी चढत चढत शंभरावर जाते. पण मूळ खेळात, शंभर टक्के वास्तवातही, बुडालेल्या जहाजाच्या पाण्यात माणसे नसत. जहाज वाकते, जळते, बुडते. समुद्र पुन्हा रिकामा होतो आणि नोंदवहीत टनांचा एक आकडा चढतो. होड्या आणि पाण्यातली माणसे काही हौशी खेळाडूंनी नंतर स्वतःहून त्या खेळात भरली. मोबदला न घेता, केवळ काहीतरी अपुरे वाटले म्हणून केलेले हे काम खेळाच्या निर्मात्यांच्या कौशल्यापेक्षा कमी मोलाचे नाही. यंत्राचे वास्तव शंभर टक्के झाल्यावरही काही उरते, हे त्यांना जाणवले होते.

त्या टनांच्या आकड्यात कोण होते? १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज एका जर्मन पाणबुडीने बुडविले. बाँबहल्ल्यांपासून वाचविण्यासाठी कॅनडाला पाठविल्या जाणाऱ्या नव्वद ब्रिटिश मुलांपैकी सत्याहत्तर मुले त्यात गेली. पाणबुडीच्या कप्तानाला मुलांविषयी ठाऊक असल्याचा पुरावा नाही. त्याला अंधारात एका मोठ्या जहाजाची आकृती दिसली, एवढेच. मुलांची ही कथा इंग्लंडमध्ये पुष्कळ सांगितली गेली. त्या जहाजावरील बहुसंख्य कर्मचारी भारतीय होते, ही गोष्ट तितकी सांगितली गेली नाही. एका होडीत सहा मुलांबरोबर तीसहून अधिक भारतीय खलाशी आठ दिवस समुद्रावर तरंगत होते आणि अखेरीस एका विमानाने त्यांना पाहिले. त्यांच्या दृष्टीने पाहिले जाणे म्हणजेच वाचणे होते.

ब्रिटिश व्यापारी जहाजांवर त्या काळी दर चार-पाच माणसांत एक भारतीय खलाशी असे. कोणी रत्नागिरीकडचा सारंग अथवा टांडेल, कोणी गोव्याचा खानसामा, कोणी सिल्हेटचा वा पंजाबचा आगवाला. टॉर्पेडो बहुधा जलरेषेखाली लागतो आणि जलरेषेखाली भट्टीशी उभे असत ते हे आगवाले. ज्यांना समुद्राखेरीज दुसरे थडगे नाही, अशा अविभाजित हिंदुस्थानच्या सुमारे ६,५०० नाविकांची आणि व्यापारी खलाशांची नावे मुंबई आणि चितगाव येथील स्मरणपुस्तकांत जोडीने नोंदलेली आहेत. कोकणपट्टीत पानापुढे पान उलटीत कोणी बसले, तर ओळखीची गावे भेटतील. या माणसांचा शत्रू कोण होता, हे त्यांना कधी दिसलेच नाही. आणि शत्रूलाही ते कधी दिसले नाहीत. दोघांच्यामध्ये फक्त अंतर, कोन आणि वेग होता.

मग अशा खेळाचे करावयाचे काय? तो टाकून द्यावा असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते बरोबर होईलच असे नाही. शत्रूच्या जागी बसून पाहणे हा ज्ञानाचाही एक मार्ग आहे, आणि अटलांटिकच्या युद्धातच त्याचा सर्वांत ठळक पुरावा आहे. जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी एक विलक्षण खेळ मांडला. क्षयामुळे नौदलातून निवृत्त व्हावे लागलेला हा अधिकारी आणि त्याच्या हाताखालच्या नौदलाच्या महिला दलातील तरुणी. एका मोठ्या खोलीची जमीन हाच समुद्र. लाकडी तुकडे हाच ताफा. खडूच्या रेषा हेच जहाजांचे मार्ग. संरक्षक जहाजांचे कप्तान कापडी पडद्यामागे बसत आणि पडद्याच्या फटीतून समुद्रावर जेवढे दिसले असते, तेवढेच त्यांना दिसे. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने काढीत. फटीतून पाहणाऱ्याला तो त्या जमिनीवर ओळखू येत नसे.

पाणबुडीच्या जागी स्वतःला ठेवून रॉबर्ट्स आणि त्या तरुणींनी ताडले, की पाणबुडी बाहेरून नेम धरीत नसून रात्री मागच्या बाजूने ताफ्याच्या रांगांतच शिरत असली पाहिजे. त्यावरून संरक्षणाच्या नव्या हालचाली बसविल्या गेल्या. त्यांतील पहिलीला 'रास्पबेरी' असे खेळकर नाव पडले. पहिल्या महायुद्धात स्वतः पाणबुडीचे कप्तान असलेले नौसेनापती मॅक्स हॉर्टन एकदा पाणबुडीच्या बाजूने खेळावयास बसले आणि जॅनेट ओकेल या तरुणीने त्यांना लागोपाठ पाच वेळा बुडविले. युद्धाच्या अखेरीपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी या खोलीतून शिकून गेले. मे १९४३ या एका महिन्यात जर्मनीने ४१ पाणबुड्या गमावल्या. त्यामागे विमाने, रडार, गुप्तलिपीचा उलगडा अशी अनेक कारणे होती. खडूने खेळलेला हा खेळही त्यांपैकी एक होता.

लिव्हरपूलची खोली आणि आजचा पडदा यांत साम्य पुष्कळ आहे. दोन्हीकडे दडणे आहे, माग काढणे आहे, अर्धवट दिसण्यातून पूर्ण ओळखणे आहे. भेद एकच आहे. लिव्हरपूलमध्ये डाव संपला, की पडदा बाजूला होई. कप्तान बाहेर येत आणि संपूर्ण जमीन पाहत: पांढऱ्या रेषा, हिरव्या रेषा, आपण कोठे होतो, तो कोठे होता, कोणते जहाज केव्हा गेले आणि का गेले. चर्चा त्यानंतर होई, आणि शिक्षण तेथेच होई. डाव हा शिक्षणाचा अर्धाच भाग होता. संगणकावरील खेळात हा उत्तरार्ध नाही. तेथे डाव संपतो तो सुटकेच्या निःश्वासावर, आणि पुढच्या ताफ्याची वार्ता येते.

म्हणून या खेळाचा नैतिक प्रश्न गोळी झाडण्याच्या क्षणी उभा राहत नाही. त्या क्षणी सगळी भूमिती आहे आणि भूमिती निष्पाप आहे. प्रश्न उभा राहतो तो त्यानंतरच्या शांततेत, जेव्हा वरचा धोका टळलेला असतो आणि वाचल्याचा आनंद मनात पसरू लागतो. वाचणाऱ्याचा आनंद खरा असतो. पण तो निर्दोषत्वाचा दाखला नसतो. भीती सोसल्याने हिशेब फिटत नाही. तो फिटतो, निदान मांडला तरी जातो, आडोशातून बाहेर येऊन जमिनीकडे पाहण्याने. वालीपुढे येऊन उभे राहणाऱ्याने ते केले. पडदा सारून खडूच्या रेषा वाचणाऱ्या कप्तानांनी ते केले. मोबदल्यावाचून पाण्यात माणसे घालणाऱ्या अनाम खेळाडूंनीही, आपल्या परीने, ते केले. पाच तास गोळ्या झाडणाऱ्याला मात्र अखेरपर्यंत आपण बाहेर यावयास हवे होते असे वाटले नाही.

आजच्या काळात तर न दिसता पाहण्याची सोय समुद्रापुरती राहिलेली नाही. हजारो मैलांवरून विमान चालविणाऱ्याला ती आहे, दुसऱ्याच्या हालचालींची नोंद ठेवणाऱ्या यंत्रांना ती आहे. त्या साऱ्यांच्या तुलनेने पाणबुडीचा खेळ निरुपद्रवी आहे. पण ज्या मनोवृत्तीवर ही सारी व्यवस्था उभी आहे, तिची तालीम तो खेळ उघडपणे आणि प्रामाणिकपणे देतो, आणि म्हणूनच तो तपासून पाहण्याजोगा आहे. पाहणाऱ्याने दिसू नये, एवढी अट युद्ध घालू शकते. ज्याला बुडविले त्याला त्याने पाहू नये, ही अट युद्ध घालीत नाही. ती माणूस स्वतःच्या सोयीसाठी स्वतःच घालून घेतो.